साठ टनी काट्यावर

सावद्याच्या बायपासवर रात्रीचा काटा माझ्याकडे.
ट्रक चढतो, लाल आकडे धावतात, थांबतात,
मी पावती फाडतो. दोन ट्रकांच्या मधे
पुस्तक.

परवा संपवली ती हलक्या ग्रहाची कादंबरी.
तिथं वर्षातले चार महिने सगळ्याचंच वजन निम्मं होतं,
माणसं गच्चीवर निजतात स्वतःला दोरीनं बांधून,
आणि एक व्यापारी हलक्या दिवसांत धान्य घेतो,
जड दिवसांत विकतो. राजा होतो.
छान आहे. दोरी तर फारच छान.
पण एकशेबाराव्या पानावर लेखकानं त्याच्या हातात तागडी दिली
आणि माझं डोकं फिरलं.
अहो, तागडीत मापही तेवढंच हलकं होणार ना!
फसवायला स्प्रिंग लागते,
नाहीतर माझ्या काट्याखाली आहेत तसले लोडसेल.
एकदा इथं येऊन विचारायचं होतं.
चहा मी पाजला असता.

"काटेवाल्याला काटाच दिसणार," कुमुदिनी फेगडे म्हणाल्या.
फैजपूरला भूमिती शिकवतात त्या,
रविवारी स्कूटीच्या डिकीतून पुस्तकं आणतात.
त्यांचा राग निराळा.
काळात मागे जायचं यंत्र एक बाई बनवते,
चाळीस पानं राबते,
एकेचाळिसाव्यावर मरते.
का? तर नायकाला मागे जायला कारण पाहिजे.
"हिला कुठं जायचं होतं, ते विचारलं का कुणी?"
आणि शेंग अशी फोडली
की सुभान तडवी जरा मागे सरकला.

सुभान पालच्या जंगलात वनरक्षक.
त्याला ड्रॅगन चालतो,
डोंगर चढणारी नदी चालते.
"पन म्हने, या अरन्यात कोनी पाय ठेवला नही.
मंग त्याले नाव कोनी ठेवलं?
अन तीन राती झाडाखाली निजला हा राजपुत्र,
मले एक गोचीड दाखवा. एक."
पुस्तक भिकार आहे म्हणतो.
दिवाळीपासून मागतोय मी, परत देत नाही.

इकबाल पिंजारी अमळनेरचा. केळीची गाडी, दिल्ली.
त्याच्या केबिनमधे पुस्तक जातं,
आणि आठवड्यानं मत येतं माझ्याच पावतीच्या पाठीवर.
पुढून भरलेलं, रिकामं, निव्वळ.
मागून: राणी चुकली. घोडा बरोबर होता.

या वेळी पुस्तकच अर्धवट आलं.
तीनशे वर्षं चाललेलं जहाज, आत हजारो माणसं निजलेली,
आणि वर्षातून एकदा उठून झाडू मारणारी एकटी बाई.
सगळ्यांना जागं करायची कळ तिच्या खोलीत.
ती दाबणार का?
सेंधव्याच्या घाटात पाण्याचा कॅन लवंडला.
"शेवटना पानं वल्ला व्हई ग्यात, भाऊ.
मनं काहीच आडनं नही."

दाबणार, कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि झाडू दुसऱ्याच्या हातात देणार.
सुभान म्हणाला, एकालेच उठवीन ती. बोलाले.
इकबाल हसला.
भरली गाडी रस्त्यात कोण उतरवतं?
ती झाडत राहणार. माल पोचला पाहिजे.
मग वाद. दोन ट्रक ताटकळले,
एका ड्रायव्हरनं खाली उतरून सगळी गोष्ट ऐकून घेतली
आणि सुभानच्या बाजूनं पडला.

मी तो शेवट वाचलेला आहे.
घाईत उरकलाय.
मी शेंगा खात राहिलो.

तीन वाजता सगळे गेले.
ते भिजलेलं पुस्तक नेऊन काट्याच्या मधोमध ठेवलं:
शून्य.
बरोबरच आहे, दहा किलोच्या पायरीनं मोजतो हा.
पुस्तक उचलून मी उभा राहिलो: साठ.
माझं खरं वजन बासष्ट, ते दोन त्याला दिसत नाहीत.
मग केबिनमधून पुस्तकांचं खोकं आणलं,
केळीचंच, वर चिकाचे डाग,
छातीशी धरून परत चढलो.

सत्तर.

लेखकाला सांगायला हवं होतं हे,
पण तेवढ्यात रावेरकडून दिवे आले
आणि मागच्यानं हॉर्न दिला.